कुत्र्याची कातडी आणि कोकणपट्टीचा पावसाळा

उत्तर कोकणातील पावसाळा कुत्र्याच्या त्वचेची कसोटी पाहतो आणि वसई पूर्वेकडील सातिवलीसारख्या भागात ही कसोटी अधिकच कडक होते. पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग व त्यापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला रेल्वेमार्गापर्यंत पसरलेला सखल भाग आणि मधोमध गोखिवरे, वालीव, सातिवली या गावांभोवती वाढलेल्या औद्योगिक वसाहती अशी या परिसराची रचना आहे. जून ते सप्टेंबर या काळात येथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याचा निचरा संथपणे होतो आणि जुलै २०१८ मध्ये झाले त्याप्रमाणे वसई-विरारचे सखल भाग क्वचित काही दिवस पाण्याखालीही जातात. गाळ्यांच्या पत्र्याखाली, ट्रकच्या आडोशाला व चहाच्या टपऱ्यांपाशी राहणारी गावठी कुत्री आणि नव्या इमारतींत पाळलेले लॅब्रॅडॉर, शित्झू, पग व हस्की या दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना या ओलसर हवेतच दिवस काढावे लागतात. गणपतीच्या सुमारास त्यांपैकी अनेकांच्या अंगावर चकत्या, खपल्या, काळवंडलेली कातडी किंवा नुसतेच झडलेले केस दिसू लागतात.

या सगळ्याला लोकव्यवहारात ‘लूत लागली’ असे एकच निदान मिळते, आणि निदान एक असल्यामुळे उपायही एकच केला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की, केस गळालेल्या एकाच चकतीमागे सूक्ष्म कीटक, बुरशी, जिवाणू, ॲलर्जी, संप्रेरकांचा बिघाड, आहारातील उणीव किंवा अंगावर सांडलेले रसायन यांपैकी कोणतेही कारण असू शकते आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्या कारणात निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरते. म्हणूनच त्वचेवर काय लावावे हा विचार नंतरचा; ती काय दाखवत आहे हे आधी नीट पाहिले पाहिजे.

कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा नाजूक असते, ही गोष्ट तिच्यावरील दाट केसांमुळे सहसा लक्षात येत नाही. माणसाच्या बाह्यत्वचेत साधारणतः दहा ते पंधरा पेशीथर असतात, तर कुत्र्याच्या केसाळ भागात अवघे तीन ते पाच. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते व त्या आम्लतेमुळे अनेक जंतूंना अटकाव होतो; कुत्र्याची त्वचा मात्र उदासीन किंवा थोडी अल्कधर्मी असल्याने तिला हे संरक्षण कमी मिळते, आणि माणसांसाठी बनवलेला साबण किंवा शाम्पू तिला मानवत नाही तो याच कारणाने. त्वचेतील तैलग्रंथी जो स्निग्ध पदार्थ स्रवतात तो केसांना चकाकी देतो, पाणी आत शिरू देत नाही आणि पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतो. म्हणून अंगावरची तकाकी जाऊन केस राठ होणे, कोंडा पडणे किंवा अंगाला तेलकट, आंबूस वास येणे ही रोगाची अगदी पहिली खूण असते. घाम आणणाऱ्या, शरीर थंड करणाऱ्या ग्रंथी कुत्र्याच्या जवळजवळ फक्त तळपायांत असतात आणि उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य काम त्याची धाप करते.

केस गळणे हा प्रत्येक वेळी रोग नसतो. प्रत्येक केस वाढीच्या, संक्रमणाच्या आणि विश्रांतीच्या अवस्थेतून जाऊन शेवटी गळतो व त्याच रोमकूपातून नवा केस येतो. पूडलच्या बहुतेक केसांचा मुक्काम वाढीच्या अवस्थेत असतो, म्हणून ते फारसे गळत नाहीत पण सतत कापावे लागतात; लॅब्रॅडॉर व हस्की यांचे बहुतेक केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि ऋतू पालटताना पुंजक्यांनी निघतात. हा पालट दिवसाच्या लांबीवर व तापमानावर अवलंबून असल्यामुळे, रात्री उशिरापर्यंत दिवे आणि दिवसभर पंखा असलेल्या सदनिकेत कुत्र्याचे केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. पिले झाल्यावर काही आठवड्यांनी कुत्रीचे केस एकदम विरळ होतात, तसेच मोठ्या तापानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतरही होते, कारण शरीरावर ताण येताच असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. अशा गळतीत खाली दिसणारी कातडी गुलाबी किंवा तिच्या मूळ रंगाची, गुळगुळीत व निरोगी असते, आणि कुत्रे खाजवत नाही. याच ओघात सांगण्याजोगे म्हणजे, कानाच्या कडेला दिसणारी त्रिकोणी खाच हा रोग नसून नसबंदी झाल्याची खूण असते, त्यामुळे तिच्यावर उपचार करण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यात हस्की किंवा पॉमेरेनियन यांच्या अंगावरून मशीन फिरवून केस पार भादरण्याची प्रथा शहरी भागात वाढली आहे, ती मात्र टाळलीच पाहिजे. दुहेरी केसांच्या जातींत वरचे राठ केस ऊन अडवतात आणि खालचा लोकरीसारखा थर हवा धरून ठेवतो. हे आवरण काढले तर कातडीवर थेट ऊन पडते आणि काही कुत्र्यांत भादरलेल्या जागी कित्येक महिने केस परत येत नाहीत. रोज विंचरून सुटलेली लोकर काढणे हाच या जातींना गारवा देण्याचा योग्य मार्ग आहे.

रोग आहे असे दिसल्यावर पशुवैद्यक बहुधा दोन गोष्टी आधी विचारतो : खाज आधी आली की केस आधी गेले, आणि सुरुवात शरीराच्या कोणत्या भागापासून झाली. ही दोन उत्तरे मालकाने किंवा रोज खाऊ घालणाऱ्या माणसाने अचूक दिली तर निम्मे काम होते. खरूज, पिसवा आणि ॲलर्जी यांत खाज आधी येते व केस खाजवण्याने, चावण्याने जातात. संप्रेरकांच्या आजारांत आणि डेमोडेक्स या सूक्ष्म कीटकाच्या उपद्रवाच्या सुरुवातीला केस निमूटपणे झडतात व कुत्रे स्वस्थ बसलेले असते.

लोक ज्याला लूत म्हणतात तिच्यात मुख्यतः दोन वेगळे आजार मिसळलेले असतात. पहिला सार्कोप्टिस या कीटकाने होणारा, म्हणजे खरूज. याची मादी बाह्यत्वचेत बोगदे करून अंडी घालते आणि अंड्यापासून प्रौढ कीटकापर्यंतचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो. कानांच्या कडा, कोपरे, घोटे आणि पोट येथून सुरुवात होते. खाज इतकी तीव्र असते की, कुत्र्याला झोप लागत नाही, आणि कानाची कड बोटांनी चोळली की अनेकदा त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. हा आजार एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो आणि कुत्र्याला जवळ घेणाऱ्या माणसाच्या हातांवर, पोटावरही खाजरे पुरळ उठते. मात्र कुत्र्यावरचा हा कीटक माणसाच्या त्वचेत आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नसल्याने कुत्रे बरे झाले की माणसाची खाजही थांबते. दुसरा आजार डेमोडेक्स या कीटकाचा. लांबट आकाराचा हा जीव रोमकूपाच्या आत राहतो, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून पिलाकडे येतो आणि निरोगी कुत्र्यांच्या त्वचेतही अल्प संख्येने कायम असतो. प्रतिकारशक्ती अपुरी पडली की त्याची संख्या बेसुमार वाढते, डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला व पुढच्या पायांवर केस जातात आणि पुढे जंतुसंसर्ग होऊन कातडी सुजते. पिलाच्या अंगावरील एकदोन चकत्या बहुधा आपोआप भरून येतात. परंतु प्रौढ कुत्र्याला प्रथमच सर्वांगावर डेमोडेक्स झाला तर शरीरात दुसरा कोणता आजार दडला आहे का हे शोधावे लागते. तो इतर कुत्र्यांना वा माणसांना लागत नाही, तरी ‘लूत लागेल’ या भीतीने अशा कुत्र्याला वसाहतीतून हाकलले जाते, हे अज्ञानातून होणारे क्रौर्य आहे.

माणसांना खरोखर लागणारा दुसरा त्वचारोग म्हणजे बुरशीजन्य गजकर्ण. पिलांत तो अधिक दिसतो. गोल, खवलेदार चकत्या पडतात, केस मुळाशी तुटतात आणि खाज कमी असते. लहान मुलांच्या घरात अशा पिलाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याचे अंथरूण वेगळे ठेवणे एवढी काळजी पुरेशी असते. पिलू घराबाहेर काढण्याची गरज नसते.

पिसवांचा उपद्रव कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या त्रिकोणी भागावर दिसतो. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते आणि मोजक्या चाव्यांनीही ती तो भाग चावून सोलून काढतात. एका वेळच्या एकूण पिसवांपैकी कुत्र्याच्या अंगावरील प्रौढ पिसवांचा वाटा पाचएक टक्केच असतो. बाकी अंडी, अळ्या आणि कोष जमिनीच्या फटींत, गोणपाटांत, सोफ्याच्या कोपऱ्यांत असतात व कोष काही महिने टिकून राहतात. त्यामुळे फक्त कुत्र्याला आंघोळ घालून हा उपद्रव संपत नाही, जागाही साफ करावी लागते. गोचिडांचेही तसेच. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड जंगलावर अवलंबून नसते. पोट भरलेली मादी भिंतीच्या चिरेत जाऊन हजारो अंडी घालते आणि तिचा पुढचा वंश त्याच गाळ्यात किंवा त्याच जिन्याखाली वाढतो. गोचीड चावल्याची जागा लहानच असते, पण तिच्यामार्फत एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातील जंतू शरीरात शिरतात. बबेसियाची जी जात भारतातील कुत्र्यांना आजही आजारी पाडते, तिचे पहिले वर्णन पॅटन या संशोधकाने १९१० साली मद्रासमधील शिकारी कुत्र्यांच्या रक्तावरून केले होते. या आजारांची चाहूल कधी कधी त्वचाच देते : पोटावर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके दिसणे म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका कमी झाल्याची खूण, आणि हिरड्यांसह कातडी फिकट पडणे म्हणजे रक्तक्षयाची. पुराच्या पाण्यात फिरलेल्या कुत्र्याची कातडी व डोळे पिवळे झाले तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, कारण हा आजार मूत्रामार्फत माणसालाही होतो.

दमट हवेत बळावणाऱ्या त्वचाविकारांची खरी मुळे मात्र त्वचेवर कायम वस्तीला असणाऱ्या दोन सूक्ष्मजीवांत आहेत. त्यांपैकी मॅलासेझिया ही यीस्ट वर्गातील बुरशी कानांत, काखेत, पायाच्या बोटांमध्ये आणि पगच्या तोंडावरील घड्यांत वाढते. कातडी तेलकट होते, उग्र वास येतो, आणि दुर्लक्ष झाले तर ती जाड, सुरकुतलेली व काळी पडते. दुसरा सोबती स्टॅफिलोकॉकस जातीचा जिवाणू. त्याच्यामुळे पोटावर पुवाळलेल्या पुळ्या येतात आणि त्या फुटल्यावर कडेला खवले असलेली गोल वर्तुळे राहतात, ज्यांना बहुतेकदा चुकून गजकर्ण समजले जाते. दाट केसांच्या कुत्र्याचे अंग पावसात भिजून तसेच राहिले तर काही तासांत ओली, लालबुंद, दुखरी चकती तयार होते. तिच्या भोवतीचे केस कापून ती कोरडी करणे हा त्यावरचा पहिला उपाय असतो. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत याहून भयंकर म्हणजे जखमेत अळ्या पडणे. माशी उघड्या जखमेवर अंडी घालते, अळ्या जिवंत मांस पोखरत आत जातात आणि बाहेरून लहान दिसणारे छिद्र आत वाटीएवढे झालेले असते. येथे एका दिवसाचा उशीरही महाग पडतो.

कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या कुत्र्यांत आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो. सिमेंट, ग्रीस, रंग किंवा फरशी धुण्याची तीव्र द्रावणे सांडलेल्या जागी कुत्रे झोपले तर जेथे केस विरळ असतात तेथेच, म्हणजे पोट, जांघा, हनुवटी आणि पायांच्या तळव्यांवर, कातडी लाल होते व सोलवटते. पाठ मात्र स्वच्छ राहते.

पाळीव कुत्र्यांत वारंवार परतणाऱ्या खाजेचे मोठे कारण ॲटोपी, म्हणजे हवेतील व घरातील कणांची जन्मजात ॲलर्जी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. कुत्रे पंजे चाटत राहते, तोंड गादीला घासते, कान पुन्हा पुन्हा बिघडतात, आणि पावसाळ्यात घरातील धुळीचे सूक्ष्म कीटक व बुरशी वाढल्याने त्रासही वाढतो. लॅब्रॅडॉर, शित्झू, पग व जर्मन शेफर्ड या जाती तिला अधिक बळी पडतात. ती कायमची बरी होत नाही, आटोक्यात ठेवावी लागते. अन्नाची ॲलर्जी हुबेहूब तशीच दिसते आणि ती ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे कुत्र्याने पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन सुमारे आठ आठवडे देऊन पाहणे, मध्ये बिस्किटाचा एक तुकडाही न देता.

मध्यमवयीन कुत्रे सुस्त झाले, न खाताही जाड झाले आणि दोन्ही कुशींवर सारखेच केस झडून शेपटी उंदरासारखी दिसू लागली तर थायरॉईड ग्रंथी मंदावल्याची शक्यता असते. पोट सुटणे, तहान वाढणे व कातडी कागदासारखी पातळ होणे हे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढल्याचे लक्षण असते, आणि ते शरीराबाहेरूनही येऊ शकते : खाज थांबवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या व मलमे सल्ल्याशिवाय महिनोन्महिने वापरली की हेच घडते. ही औषधे योग्य मात्रेत उपयुक्तच आहेत. परंतु सुरू करणे व थांबवणे, दोन्ही पशुवैद्यकाच्या सांगण्यानेच व्हावे, कारण दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते.

आहाराचा भाग थोडक्यात सांगता येतो, तरी त्याचे महत्त्व थोडके नाही. कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनगरजेचा सुमारे पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग त्वचा व केस यांवर खर्च होतो, म्हणून केवळ पोळी-दुधावर किंवा वरणभातावर वाढलेल्या कुत्र्याचे केस राठ व निस्तेज राहतात. गव्हाच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. हस्की जातीतील काही कुत्र्यांत जस्त शोषण्याची क्षमता मुळातच कमी असल्याने त्यांच्या डोळ्यांभोवती व ओठांवर जाड खपल्या धरतात आणि जस्ताची योग्य मात्रा मिळताच त्या निघू लागतात. अंडी, कोंबडी, उकडून काटे काढलेला बांगडा आणि चमचाभर करडईचे तेल यांनी फरक पडतो, पण त्यासाठी सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. सुके बोंबील मिठामुळे टाळावेत.

उपचारांच्या नावाखाली होणाऱ्या चुकांमध्ये सर्वांत वाईट चूक म्हणजे लूत लागलेल्या कुत्र्याच्या अंगावर गाडीचे जळके ऑइल ओतणे. गॅरेज आणि गाळ्यांच्या वस्तीत ते सहज मिळते, आणि करणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगला असतो. तेलाच्या थराखाली काही कीटक गुदमरत असतीलही. परंतु वापरलेल्या इंजिन ऑइलमधील हायड्रोकार्बन व जड धातू आधीच सोलवटलेल्या त्वचेतून आत शिरतात, कुत्रे अंग चाटते तेव्हा ते पोटात व फुफ्फुसांत जातात आणि यकृत व मूत्रपिंडांना इजा होते. रॉकेल, फिनेल व कीटकनाशक पावडरी यांचेही तेच. आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचे इंजेक्शन स्वस्त म्हणून अंदाजे टोचले जाते. कोली व शेल्टी या जातींत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये असलेल्या जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरून कुत्रे बेशुद्ध होऊ शकते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विषारी असते, हेही दोन्ही प्राणी पाळणाऱ्या घरांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

निदानाला लागणारी साधने साधी आहेत. त्वचेची खरवड काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की डेमोडेक्स सहसा सापडतो. खरजेचा कीटक मात्र अनेकदा हुलकावणी देतो, म्हणून लक्षणे पटत असतील तर खरवड कोरी निघाली तरी खरजेचा उपचार केला जातो. चिकटपट्टीवर घेतलेल्या नमुन्यात यीस्ट व जिवाणू दिसतात. गुंतागुंतीच्या आजारांसाठी परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हा वसईकरांना रेल्वेने गाठता येणारा आधार आहे. औषधी शाम्पू लावल्यावर दहा मिनिटे अंगावर राहू देणे, नंतर तो पूर्ण धुणे आणि बोटांच्या फटींपर्यंत अंग कोरडे करणे, तसेच प्रतिजैविकाचा क्रम पुरळ दिसेनासे झाले तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करणे, या दोन गोष्टींत हयगय झाली की तोच आजार अधिक चिवट होऊन परततो.

मोकाट कुत्र्यांसाठी गेल्या दशकात एक मोठी सोय झाली आहे. आयसॉक्सॅझोलिन गटातील, तोंडाने द्यायच्या गोळ्या खरूज, डेमोडेक्स, पिसवा आणि गोचीड या चारहींवर लागू पडतात आणि त्या मटणाच्या तुकड्यात घालून देता येतात, त्यामुळे कुत्र्याला पकडून रोज औषध चोपडण्याची गरज उरत नाही. मात्रा वजनावर ठरते, काही वेळा ती महिन्याने पुन्हा द्यावी लागते, आणि पूर्वी फीट आलेल्या कुत्र्याला ती जपून द्यावी लागते, म्हणून पशुवैद्यकाचा सल्ला येथेही अनिवार्य आहे. सर्वांग उघडे पडलेले कुत्रे अशा उपचाराने व पोटभर अन्नाने दोनतीन महिन्यांत पुन्हा केसाळ होऊ शकते. तेव्हा ज्या गाळ्याच्या दारात असे कुत्रे येऊन बसत असेल, तेथील माणसांनी ऑइलच्या डब्याला हात न लावता त्याची दोन स्पष्ट छायाचित्रे काढावीत, त्याच्या वजनाचा अदमास घेऊन ती पशुवैद्यकाला दाखवावीत आणि सांगितलेली गोळी त्याच्या जेवणात घालावी.